हायब्रिड गाडीवर घरातला फ्रिज: अडतं नेमकं कुठे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली आणि फोर्डचा हायब्रिड एफ-१५० ट्रक एकदम चर्चेत आला. त्याच्या हौद्यात घरगुती सॉकेट होती आणि लोकांनी त्यावर दिवे, हीटर, फ्रिज चालवले. जपानी माणसाला यात फारसं नवल वाटलं नसतं. टोयोटाच्या एस्टिमा हायब्रिडमध्ये २००१ पासूनच १५०० वॅटपर्यंत भार पेलणारं सॉकेट होतं आणि २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर अशा गाड्यांचा तिथे चांगलाच उपयोग झाला.

बहुतेक हायब्रिड गाड्यांत मात्र असं सॉकेट नसतं. मग बाहेरून इन्व्हर्टर आणून जोडला तर घरातली उपकरणं चालतील का? चालतील. दिवे, पंखे, राउटर, लॅपटॉप, टीव्ही आणि एक साधा फ्रिज, म्हणजे सलग ६०० ते ७०० वॅट, एवढं बहुतेक पूर्ण हायब्रिड (म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या) गाड्या तासन्‌तास देऊ शकतात. गिझर, इस्त्री, पाण्याचा पंप आणि घरचा एसी विसरायचा. ही रेषा याच ठिकाणी का येते ते कळलं की जोडणीच्या बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

## गाडीत दोन बॅटऱ्या असतात

हायब्रिड गाडीत चाकांची मोटर चालवणारी एक मोठी, उच्च दाबाची बॅटरी असते. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ती २०१.६ व्होल्टची होती. दुसरी बॅटरी साधी, १२ व्होल्टची. दिवे, कुलपं, संगणक, पंखे असली किरकोळ कामं तिच्याकडे. इंजिन फिरवण्याचं काम मोठ्या बॅटरीकडे असल्यामुळे ही १२ व्होल्टची बॅटरी पेट्रोल गाडीतल्या बॅटरीपेक्षा बरेचदा लहान असते.

या दोघींच्या मधे डीसी-डीसी कन्व्हर्टर बसतो. मोठ्या बॅटरीचा उच्च दाब उतरवून तो १४ व्होल्टच्या आसपास आणतो आणि लहान बॅटरीला व गाडीच्या १२ व्होल्टच्या सगळ्या यंत्रणेला पुरवतो. साध्या गाडीत हे काम अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाने फिरणारं छोटं जनित्र करतं. यापुढे डीसी-डीसी कन्व्हर्टरला नुसतं कन्व्हर्टर म्हणू.

आपण आणलेला इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बाजूला जोडायचा. तो बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या १२ व्होल्टच्या विजेची (डीसी) घरात लागणारी, दिशा बदलत वाहणारी २३० व्होल्टची वीज (एसी) करतो (काही देशांत १०० ते १२०, पण हिशेब तोच). घरात वीज गेल्यावर चालू होणाऱ्या इन्व्हर्टरमध्येही हेच यंत्र असतं, फक्त त्याला स्वतःची बॅटरी आणि चार्जर जोडलेला असतो.

हा सगळा मामला गच्चीवरच्या टाकीसारखा आहे. मोठी बॅटरी म्हणजे टाकी. पातळी खाली गेली की पंप आपोआप चालू होऊन ती भरतो, आणि तो पंप म्हणजे गाडीचं इंजिन. टाकीतून खाली येणारा पाइप म्हणजे कन्व्हर्टर आणि त्याखाली ठेवलेली बादली म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी. टाकी कितीही मोठी असली, पंप कितीही दमदार असला, तरी पाइपातून येतं तेवढंच पाणी मिळणार. त्याहून जास्त उपसलं तर बादली रिकामी होत जाणार.

## पाइप किती जाड?

कन्व्हर्टरची क्षमता गाडीगणिक बदलते, पण मध्यम आकाराच्या हायब्रिडमध्ये ती १०० अँपिअरच्या आगेमागे असते. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४०० वॅट. हे सगळे आपले नाहीत. गाडी ‘रेडी’ स्थितीत (म्हणजे चालू आणि निघायला तयार) उभी असताना तिचे संगणक, पंप आणि पंखे मिळून दोन-अडीचशे वॅट खातात. वर इन्व्हर्टर स्वतः १० ते १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने घालवतो. तासन्‌तास पूर्ण क्षमतेला ताणून धरण्यासाठी कन्व्हर्टर बनवलेला नसतो, हेही जमेस धरा. हे सगळं वजा केलं की ६००-७०० वॅटचा आकडा उरतो. क्षणभर हजारापर्यंत गेलं तर बिघडत नाही.

म्हणून १००० वॅटचा इन्व्हर्टर पुरे. ‘दोन हजारांचा घेतला तर जास्त मिळेल ना?’ असं अनेकांना वाटतं. जास्त मिळत नाही, फक्त जास्त ओढण्याची मुभा मिळते. पाइप तेवढाच राहतो आणि बादली उपसली जाते. शिवाय मोठा इन्व्हर्टर रिकामा असतानाही जास्त वीज पितो.

## घेताना पाहायच्या दोनच गोष्टी

पहिली गोष्ट लहरीचा आकार. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, तिला ‘मॉडिफाइड साइन’ म्हणतात. मोबाइलचा चार्जर किंवा एलइडी दिवा तिच्यावर चालून जातो. फ्रिज आणि पंख्याच्या मोटरी मात्र गुणगुणतात, तापतात आणि जास्त वीज खातात. गुळगुळीत लहर देणारा ‘प्युअर साइन’ महाग असतो, पण फ्रिज चालवायचा असेल तर तोच घ्यावा. इथे काटकसर केली तर भुर्दंड फ्रिजच्या कॉम्प्रेसरला बसतो.

दुसरी गोष्ट क्षणिक क्षमता. जुन्या पद्धतीचा फ्रिज चालताना जेमतेम १२० ते १५० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना अर्धा-एक सेकंद त्याच्या पाच-सातपट मागतो. म्हणजे सहाशे ते हजार वॅट. १००० वॅटचा चांगला इन्व्हर्टर असा झटका पेलतो. ३०० वॅटचा ‘टक’ करून बंद पडतो आणि मग लोक फ्रिजला दोष देतात. ज्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वेग कमी-जास्त करत चालतो, तो हळू सुरू होतो आणि त्याला हा झटका जवळजवळ नसतोच. अर्ध्या अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना सहाशे वॅट घेत असला तरी सुरू होताना अडीच-तीन हजार मागतो. नेहमीचा आकडा आटोक्यात दिसूनही तो जमत नाही तो यामुळे.

मायक्रोवेव्हबद्दलही सावध राहा. त्यावर लिहिलेले ८०० वॅट अन्नाला मिळणारे असतात. भिंतीतून तो बाराशेच्या वर ओढतो.

## डॅशबोर्डवरच्या सॉकेटमधून का नाही?

सिगारेट लायटरच्या सॉकेटमागे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. लॅपटॉप आणि राउटर एवढंच हवं असेल तर १५० वॅटचा छोटा इन्व्हर्टर तिथे खोचा, भार शंभराच्या आत ठेवा आणि हा पुढचा सगळा खटाटोप सोडून द्या. पुष्कळांची खरी गरज एवढ्यात भागते.

फ्रिज चालवायचा तर इन्व्हर्टर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडावा लागतो. बोनेटखाली जंप स्टार्टसाठी (दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने गाडी चालू करण्यासाठी) दिलेल्या बिंदूवरून तो चालवण्याचा मोह होतो, पण तो बिंदू काही मिनिटांच्या वापरासाठी असतो. तिथली तार आणि फ्यूज तासभर ८० अँपिअर सोसतील असं धरून चालू नका. हायब्रिडमध्ये खरी १२ व्होल्टची बॅटरी डिकीच्या कोपऱ्यात किंवा मागच्या सीटखालीही असू शकते. गाडीचं पुस्तक उघडून आधी ती शोधा.

## वायर: इथेच बहुतेक जोडण्या फसतात

२३० व्होल्टला १००० वॅट म्हणजे सव्वाचार अँपिअर, साध्या वायरचं काम. तेच १००० वॅट १२ व्होल्टच्या बाजूने घ्यायचे तर, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून, ९० ते ९५ अँपिअर लागतात. हा प्रवाह वेल्डिंगच्या केबलमधून जाणाऱ्या प्रवाहाच्या तोडीचा आहे आणि त्याला वायरही तशीच लागते.

आकडे मांडून पाहू. बॅटरीपासून इन्व्हर्टर एक मीटरवर असला तर जाणारी-येणारी मिळून दोन मीटर वायर. घरातली ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरली, तर १०० अँपिअरला तिच्यात जवळपास ०.९ व्होल्ट गळतात आणि ९० वॅट उष्णता तयार होते. वायर मऊ पडते, आवरण वितळतं, आणि इन्व्हर्टर मात्र ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडतो, जरी बॅटरी भरलेली असली तरी. २५ स्क्वेअर एमएमची केबल घेतली की हाच तोटा ०.१४ व्होल्ट आणि १४ वॅटवर येतो.

तेव्हा १२ व्होल्टची बाजू शक्य तेवढी आखूड ठेवायची आणि लांबी २३० व्होल्टच्या बाजूने वाढवायची. इन्व्हर्टर गाडीत, बॅटरीजवळ. तिथून घरापर्यंत तीन तारांची, किमान १.५ स्क्वेअर एमएमची एक्स्टेन्शन. ती रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते. दारा-खिडकीच्या फटीत ती चिमटणार नाही आणि जोड पावसात येणार नाहीत एवढं पाहा.

इन्व्हर्टरसोबत डब्यात मिळणाऱ्या चिमट्यांवर भरवसा ठेवू नका. त्यांच्या दातांचा स्पर्श नाममात्र असतो आणि १०० अँपिअरला ते जागीच तापतात. केबलच्या टोकाला तांब्याचे लग (बोल्टसाठी भोक असलेले तुकडे) क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून, ते नटबोल्टने कसा. हातोडीने चेपलेला लग सुरुवातीला ठीक दिसतो, महिन्यांनी सैल पडतो.

## फ्यूज आणि जोडण्याचा क्रम

पॉझिटिव्ह केबलमध्ये १२५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि तो बॅटरीपासून एका वितीच्या आत ठेवा. इन्व्हर्टरच्या आत फ्यूज असतात, मग हा कशाला? आतले फ्यूज इन्व्हर्टरसाठी असतात, हा केबलसाठी असतो. मधेच केबल पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतू शकते आणि तो प्रवाह इन्व्हर्टरपर्यंत पोहोचतच नाही. बॅटरीजवळचा फ्यूज नसेल तर गाडी पेटायला एवढं पुरतं.

जोडताना गाडी पूर्ण बंद, इन्व्हर्टर बंद, फ्यूज काढलेला. आधी इन्व्हर्टरच्या बाजूची दोन्ही टोकं कसा. मग पॉझिटिव्ह केबल बॅटरीला. निगेटिव्ह केबल बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला थेट न लावता गाडीच्या सांगाड्यावरच्या अर्थिंगच्या बोल्टला लावलेली बरी. अनेक गाड्यांत निगेटिव्ह टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. त्याला वळसा घालून बॅटरीवर जोडलं की गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो. शेवटी फ्यूज बसवा. त्या वेळी एक छोटी ठिणगी उडते. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरताना ती उडतेच, घाबरायचं कारण नाही. ती बॅटरीच्या तोंडापाशी उडू नये, म्हणून हा क्रम. तांबडी-काळी उलट लागली तर मात्र इन्व्हर्टर पहिल्याच क्षणी जळतो, बहुधा दुरुस्तीपलीकडे.

## चालवण्याची रीत

गाडी मोकळ्यावर उभी करा, हँडब्रेक लावा आणि गिअर ‘पी’ मध्ये ठेवा. ‘एन’ मध्ये कधीच नाही: टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्ज होत नाही. पंप बंद आणि टाकी गळती, अशी अवस्था होते.

मग ब्रेक दाबून गाडी ‘रेडी’ करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं ‘अ‍ॅक्सेसरी’ किंवा ‘ऑन’ केलं तर डॅशबोर्ड उजळतो, पण कन्व्हर्टर झोपलेलाच असतो आणि सगळा भार बादलीवर पडतो. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तब्येत सांभाळून अर्धीच वापरायची, म्हणजे अडीचशे वॅट-तास. ५०० वॅटवर अर्धा तास. त्यानंतर गंमत अशी की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढायला आणि संगणक जागे व्हायला हेच १२ व्होल्ट लागतात.

गाडीचा एसी, हीटर, हेडलाइट, रेडिओ बंद करा. आता इन्व्हर्टर चालू करून त्याच्या १२ व्होल्टच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आकडा दिसायला हवा. उपकरणं एकेक करून लावा, झटका घेणारं सगळ्यात आधी: फ्रिज, मग टीव्ही, मग बाकीचं. प्रत्येक वेळी आकडा पाहा. १३ च्या खाली जाऊन तिथेच रेंगाळला तर कन्व्हर्टर पुरा पडत नाही आणि बॅटरी वापरली जात आहे. शेवटचं लावलेलं काढा. इन्व्हर्टरच्या बझरची वाट पाहू नका. तो बहुधा ११ व्होल्टच्या आसपास वाजतो आणि इन्व्हर्टर साडेदहाला बंद पडतो, तोवर बॅटरीचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं.

इन्व्हर्टरवर कांबळं, पिशव्या ठेवू नका. काही गाड्यांत मागच्या सीटजवळ मोठ्या बॅटरीला हवा देणारी जाळी असते, सामानाने तीही झाकली जाते, तिकडे लक्ष असू द्या.

## इंजिन आपोआप चालू होतं, म्हणून धोका

या व्यवस्थेचं सगळं सुख पंप आपोआप चालू होण्यात आहे. माणूस मरण्याचा धोकाही त्यातच आहे. गाडी उभी असते, शांत असते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन स्वतःहून सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय, हे पुरेसं नाही. गाडी बाहेर हवी, घरापासून किमान सहा मीटरवर, सायलेन्सरचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असावा.

दुसरा धोका उत्साही लोकांचा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडायची! ही वीज मीटरमधून उलट बाहेर जाऊ शकते आणि रस्त्यावरच्या तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला लागू शकते. बाहेरची वीज अचानक आली तर इन्व्हर्टर फुटतो. उपकरणं एक्स्टेन्शनवरच लावा. घराच्या वायरिंगला जोडायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज किंवा इन्व्हर्टर, यांतलं एका वेळी एकच घराला जोडणारा) आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो. बऱ्याच लहान इन्व्हर्टरना घराच्या न्यूट्रल-अर्थिंगशी जोडलेलं चालतही नाही.

## मोठ्या बॅटरीतून थेट वीज का घेऊ नये?

पाइप अरुंद आहे तर टाकीलाच भोक पाडू, असा हा विचार. काही हौशी तंत्रज्ञांनी तो अमलातही आणला आहे. पण मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वेष्टणातल्या केबलमध्ये दोनशे व्होल्टहून अधिक डीसी असतो. डीसीची ठिणगी एसीसारखी क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, ती लागून राहते. शिवाय ही बॅटरी मुद्दाम सांगाड्यापासून विलग ठेवलेली असते, जोडणीत जरा गळती झाली की गाडी स्वतःला बंद करून घेते. आणि इतकं करून जी वीज मिळवायची ती प्रियसच्या त्या बॅटरीत सगळी मिळून १.३ किलोवॅट-तास, त्यातली संगणक वापरू देतो ती जेमतेम अर्धी. खरा साठा पेट्रोलच्या टाकीत आहे.

## पेट्रोल किती जळतं?

अंदाजी हिशेब असा. घरात ३०० वॅट लागतात. इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरमधला तोटा धरून ते ३८० होतात, गाडीचे स्वतःचे अडीचशे मिळवून ६३०. एक लिटर पेट्रोलमधून, इंजिन आणि जनित्रातलं सगळं नुकसान जाऊन, दोनएक युनिट वीज हाती येते. म्हणजे तासाला लिटरचा तिसरा भाग. भार दुप्पट करून ६०० केला तरी पेट्रोल दुप्पट होत नाही, अर्ध्या लिटरवर थांबतं, कारण गाडीचे अडीचशे दोन्हीकडे सारखेच. उलट फक्त एक दिवा लावायला गाडी ‘रेडी’त ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

साध्या पेट्रोल गाडीशी फरक इथेच पडतो. तिचं इंजिन अखंड चालतं, भार दहा वॅट असो की पाचशे. हायब्रिडचं काही मिनिटं चालतं आणि थांबतं. या चालू-बंदने इंजिन खराब होईल ही शंका रास्त आहे, पण रहदारीत त्याचं दिवसभर हेच चाललेलं असतं, ते त्यासाठीच बनवलंय. वॉरंटीची गोष्ट वेगळी: जोडणीमुळे कन्व्हर्टर जळाला तर कंपनी हात वर करू शकते. कागद आधी वाचा.

आपली गाडी या कामाची आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या जागी गाडी ‘रेडी’त ठेवून तिचाच एसी लावा. इंजिन बंद असताना एसी चालत राहिला, आणि काही वेळाने इंजिन आपोआप सुरू होऊन पुन्हा थांबलं, तर गाडी पूर्ण हायब्रिड आहे. ‘माइल्ड हायब्रिड’ नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्या (ज्यांत मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) यात बसत नाहीत, त्यांना साधी पेट्रोल गाडीच समजा.

## रात्रभर चालू ठेवू का?

नको, आणि गरजही नाही. दार न उघडलेला फ्रिज चार तास थंड राहतो आणि भरलेला फ्रीझर जवळपास दोन दिवस. सकाळी दोन-तीन तास, दुपारी दोन, रात्री झोपण्यापूर्वी दोन-तीन तास फ्रिज चालवला तर बरंच निभावतं. त्याच तासांत फोन, लॅपटॉप आणि दिव्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून घ्या. काही मॉडेल ठरावीक वेळाने स्वतःहून बंदही होतात, त्यामुळे ‘लावून झोपलो’ हा बेत तसाही फसतो.

अपवाद झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांचा. आर्द्रता देणारा भाग बंद ठेवला तर असं यंत्र सहसा ३० ते ६० वॅट घेतं. आठ तासांचे झाले पाचशे वॅट-तासांपर्यंत. त्यासाठी तेवढ्या क्षमतेची वेगळी बॅटरी आणा, दिवसा ती गाडीच्या इन्व्हर्टरवर भरा आणि रात्री यंत्र तिच्यावर लावा, गाडी बंद ठेवून.